हे पाणी सुंदर आहे

माहिती खात्यातल्या त्या माणसाला सगळे पाटीवाले म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण ते हजेरीपुरतं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. वर शिडीवर वडील आणि खाली शिडी धरून हे, असं बालपण गेलं. पुढे खात्यात चित्रकार म्हणून चिकटले आणि हळूहळू मजकूरही तेच लिहू लागले, कारण मजकूर लिहिणाऱ्या साहेबांची वाक्यं बसच्या लांबीत मावत नसत. साहेब निवृत्त झाले आणि ते काम कायमचं यांच्या गळ्यात पडलं. शहरात जिथे जिथे "हे करा" आणि "ते करू नका" लिहिलेलं होतं, त्यातलं निम्म्याहून अधिक पाटीवाल्यांच्या हातचं होतं. बायको म्हणायची, "घरात चार शब्द बोलायचे तर जड जातात, आणि गावाला मात्र शहाणपण शिकवतात."

बायको सरकारी इस्पितळात सिस्टर होती, अपघात विभागात. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. दोघांचं घर, दोघांच्या वेगवेगळ्या वेळा, ओट्यावर एकमेकांसाठी झाकून ठेवलेली ताटं. संसार एकूण सुखाचा होता.

पाटीवाल्यांना एक खोड होती. नवी पाटी लागली की ते जवळच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहायचे, आणि पाटीकडे नाही, लोकांकडे बघायचे. कोण मान वर करतो, नजर कुठे अडकते, कुठून निसटते. त्यावरून त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं होतं की माणसाची एक जांभई पुरी होईपर्यंत जे सांगून होईल तेवढंच खरं, बाकी सगळं भिंतीला सांगितल्यासारखं. तरी त्या उभं राहण्यातून समाधान असं कधी मिळालं नाही. डॉक्टरला बरा झालेला रोगी रस्त्यात भेटतो, हात जोडतो. पाटी वाचून वाचलेला माणूस कधी भेटत नाही. आपण वाचलो हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

"मग तुम्हाला कसं कळतं, काम झालं की नाही?" मुलीनं लहानपणी विचारलं होतं.

"नाही कळत," ते म्हणाले होते. त्या वेळी ते हसत हसत म्हणाले होते.

शहराच्या पूर्वेला दगडाची एक जुनी खाण होती. काम बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि खड्ड्यात पाणी साठून मोठं तळं तयार झालं होतं. दर उन्हाळ्यात तिथे एखाद-दुसरा जीव जायचा. खाणीचा काठ तळ्यासारखा उतरता नसतो, भिंतीसारखा सरळ तुटलेला असतो. पाय ठेवला की खाली काही नाही. वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट झालेलं आणि त्याखाली असं गार, की पोहणाऱ्याचाही श्वास अडकावा. तिथे खात्याची एक पाटी होती. पाटीवाल्यांनीच तरुणपणी केलेली. लाल रंग, वर कवटी, खाली "धोका! पाण्यात उतरू नये."

माणसं बुडतात म्हणून वर्तमानपत्रात ओरड झाली, तेव्हा खात्याच्या प्रमुख मॅडमनी पाटीवाल्यांना खाणीवर पाठवलं. गेले तर पाटी जागच्या जागी होती, पण कवटी दिसत नव्हती. तिच्यावर एक पँट आणि दोन सदरे अडकवलेले होते. पाटीच्या वरच्या कडेला कुणीतरी खिळे ठोकून छान सोय केली होती. एका खिळ्याला आरसासुद्धा होता. पाटीवाले जवळ जाऊन बघायला लागले तशी मागून एक ओला माणूस आला.

"काका, जरा सरकता का? माझी पँट आहे तिथे."

पाटीवाले सरकले. दुसरं काय करणार?

ते परत आले ते डोक्यात एक विचार घेऊनच. बैठकीत म्हणाले, "मॅडम, कवटीचा काही उपयोग नाही. भीती दाखवली की माणूस तोंड फिरवतो. कुरूप गोष्टीकडे कोण बघणार? लोकांनी थांबून बघावं असं काहीतरी करायला हवं. आणि खोटं बोलून तर अजिबात चालणार नाही. समजा, पाणी वाईट आहे, घाण आहे असं आपण लिहिलं, आणि माणूस जाऊन बघतो तर पाणी झकास! मग तो आपला पुढचा शब्द कशाला ऐकेल?"

मॅडमना पटलं. मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. हुशार होत्या, कामसू होत्या, आणि पाटीवाल्यांना मान द्यायच्या. "मग खरं काय ते लिहा," त्या म्हणाल्या.

पाटीवाल्यांनी आठवडाभर कागद काळे केले आणि शेवटी दोन वाक्यांवर येऊन थांबले.

"हे पाणी सुंदर आहे. म्हणूनच ते फसवं आहे."

फोटोग्राफरला घेऊन ते सकाळच्या उन्हात खाणीवर गेले. फोटोग्राफर रंगेल गडी होता, कामात मात्र पक्का. त्यानं पलीकडच्या कड्यावर चढून असा काही फोटो घेतला की खात्यात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. दगडाच्या पिवळ्या भिंती, मध्ये निळंहिरवं पाणी, आणि त्यात एकही माणूस नाही. बघताक्षणी अंगाला गारवा वाटावा.

"पाटीवाले, हे पोस्टर आहे की सहलीची जाहिरात?" फोटोग्राफर डोळा मारत म्हणाला.

सगळे हसले. पाटीवालेही हसले.

मजकूर मंजूर होताना दोन बारीक बदल झाले. एक म्हणजे, लांबून नजरेत भरावं म्हणून पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात घेतलं आणि दुसरं त्याखाली, जरा लहान. हे पाटीवाल्यांनी स्वतःच सुचवलं. पहिल्या वाक्यानं माणूस थांबेल, दुसऱ्यानं चपापेल, असा त्यांचा हिशेब. दुसरा बदल कायदा बघणाऱ्या साहेबांचा. सार्वजनिक सूचनेत धोक्याच्या जागेचा स्पष्ट उल्लेख पाहिजे, असा नियम निघाला. म्हणून कोपऱ्यात ओळ आली: "जुनी दगडखाण, पूर्व रस्ता, शेवटच्या बसथांब्यापासून डावीकडे."

पोस्टर शहरातल्या बसगाड्यांच्या अंगावर चढलं आणि बघता बघता गाजलं. लोक थांबून बघायचे. पाटीवाले थांब्यावर उभे राहून त्यांच्याकडे बघायचे आणि मनातल्या मनात सुखावायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माना वर होत होत्या. मुलीचा फोन आला, "बाबा, तुमचं पोस्टर इथे आमच्या फोनवर फिरतंय! मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या बाबांनी केलंय म्हणून." खात्याला उत्कृष्ट जनजागृतीची ढाल मिळाली. मॅडमनी ती स्वीकारताना पाटीवाल्यांना व्यासपीठावर बोलावलं. बायको पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं, पण दिसत होतात छान."

मग उन्हाळा आला.

बायको कामावरच्या गोष्टी घरी सांगत नसे. अपघात विभागाची माणसं तशीच असतात. दारात चपला काढाव्यात तसं सगळं बाहेर काढून ठेवतात. पण त्या उन्हाळ्यात ती घरी आली की गप्पगप्प असायची. पाटीवाल्यांना वाटायचं, थकली असेल. एक दिवस संध्याकाळी तिनं चहा केला, त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतःचा कप हातात धरून उभीच राहिली.

"तुम्हाला सांगू की नको, असं झालंय," ती म्हणाली.

"काय ते?"

"खाणीतले येताहेत. या वर्षी जास्त येताहेत." तिनं कप खाली ठेवला. "आज एक मुलगा आणला. मुलगा कसला, चांगला जवान गडी. बेकरीत कामाला होता. हातात काही उरलंच नव्हतं आमच्या. बरोबरच्या मित्रांना विचारलं, कुठे गेला होतात रे? तर म्हणाले, सुंदर पाण्यावर."

पाटीवाल्यांनी आपला कप बाजूला सारला.

"तसंच म्हणतात आता सगळे," ती म्हणाली. "खाण म्हणत नाहीत. जागेचं नावच पडलंय ते. सुंदर पाणी."

चहा तसाच गार झाला. पाटीवाले म्हणाले, "खाली लिहिलंय की. दुसरी ओळ आहे ना खाली." बायकोनं दोन्ही कप उचलले. नवऱ्याला खोटं धीराचं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि खरं बोलून त्याच्या जखमेवर मीठ चोळणंही तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवाले नेहमीच्या थांब्यावर गेले. बस आली, थांबली, गेली. दुसरी आली. आणि जे इतके दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं ते आता दिसलं. पोस्टर बसच्या बाजूला, चाकांच्या वर लावलेलं होतं. पहिली ओळ खिडक्यांखाली लख्ख. दुसरी ओळ थेट चाकाच्या डोक्यावर. रस्त्याची धूळ, गळक्या नळांचा चिखल, धुराची काजळी, सगळं चाकानं उडवून त्या ओळीवर लिंपलेलं. एकाही बसवर ती ओळ वाचता येत नव्हती. लोकांच्या माना वर होत होत्या, त्या फोटोसाठी आणि पहिल्या ओळीसाठी. आणि कोपऱ्यातला पत्ता मात्र चाकापासून दूर असल्यामुळे स्वच्छ होता.

दोन-चार दिवसांनी खात्यात एक बाई आली. तिशीची असेल. मोज्यांच्या कारखान्यात कामाला होती, कपड्यांना अजून लोकरीचे तंतू चिकटलेले होते. शिपायाला तिनं विचारलं, बसवरचं पोस्टर कोण करतं? शिपायानं पाटीवाल्यांच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

ती समोर येऊन उभी राहिली. पाटीवाल्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"खाणीचं पोस्टर तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"बेकरीतला तो माझा धाकटा भाऊ." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "मी भांडायला नाही आले. मला फक्त विचारायचंय. ते सुंदर आहे असं तुम्ही का लिहिलंत?"

पाटीवाले भराभर बोलू लागले, माणूस घाबरला की बोलतो तसं. की ताई, ती अर्धीच गोष्ट आहे. पुढे दुसरी ओळ आहे. म्हणूनच ते फसवं आहे. माणसानं थांबावं म्हणून पहिली ओळ, आणि खरं सांगायचंय ते दुसऱ्या ओळीत…

"दुसरी ओळ?" ती म्हणाली. "कुठली दुसरी ओळ?"

त्यांनी भिंतीवरचं पोस्टर दाखवलं. कार्यालयातलं, स्वच्छ, कोरं. ती दोन पावलं पुढे गेली आणि ओठ हलवत वाचू लागली. वाचून झाल्यावरही तिथेच उभी राहिली.

"रोज आम्ही दोघं एकाच बसनं जायचो," ती म्हणाली. "तो भट्टीपुढे असायचा ना, सारखा उकडायचं म्हणायचा. बसवर बघून म्हणायचा, ताई, बघ किती निळं आहे. सुट्टी मिळाली की जाऊ. मीच म्हटलं, तू जाऊन ये मित्रांबरोबर, मला कपडे धुवायचेत." मग म्हणाली, "मला वाटलं, बाग वगैरे केलीय सरकारनं."

पाटीवाल्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो हातात घेतला, प्यायली नाही, परत ठेवला. जाताना दारात वळून म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, हे कळतंय मला." आणि गेली. ती रडली असती, ओरडली असती, अंगावर धावून आली असती, तर पाटीवाल्यांना सोपं गेलं असतं. ते टेबलाची कड धरून बसून राहिले. शिपाई दोनदा येऊन चहा विचारून गेला.

त्याच दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मॅडम, पोस्टर उतरवा."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचाही चेहरा उतरला. पण त्या म्हणाल्या, "पाटीवाले, आज उतरवलं तर लोक काय विचारतील? का उतरवलं? म्हणजे आपल्या पोस्टरमुळे माणूस गेला, असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल. आणि त्याच्यामुळेच गेला कशावरून? आधीही जातच होते ना?"

"आधी जवळपासचे जायचे. आता गावभरचे जाताहेत."

"ते तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळलं? ते सांगता येईना. सुंदर पाण्यावर, असं एका मुलाचे मित्र म्हणाले. बागेचं एक बाई म्हणाली. मॅडमना जे हवं होतं, म्हणजे कागदावर मांडून वर पाठवता येईल असं काही, ते पाटीवाल्यांकडे नव्हतं. आणि आपल्याच कामाविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसाला जग जरा वेडाच समजतं.

पुढच्या आठवड्यात मोठी बैठक भरली. खाणीतले मृत्यू वाढले म्हणून वरून विचारणा झाली होती. पाटीवाल्यांना आशा वाटली, आता तरी उतरेल. टेबलाभोवती सगळ्या खात्यांचे साहेब बसले. एक म्हणाले, जनजागृती कमी पडतेय. दुसरे म्हणाले, अगदी खरं. तिसऱ्यांनी विचारलं, आपल्याकडे एक पोस्टर आहे ना, ढाल मिळालेलं? मग तेच आणखी का लावत नाही? चौकाचौकांत लावा, शाळांच्या भिंतींवर लावा.

पाटीवाले उठून उभे राहिले. अशा बैठकीत त्यांनी उभं राहायचं नसतं, विचारलं तर सांगायचं असतं. ते म्हणाले, "साहेब, पोस्टर चुकलंय. मीच केलंय, मी सांगतो, चुकलंय. लोकांना ते बोलावणं वाटतंय."

मग एक साहेब प्रेमानं हसले. "कलाकार मंडळींना आपलं काम कधी आवडतच नाही," ते म्हणाले, आणि सगळे हसले, आणि ठराव मंजूर झाला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी हळूच म्हटलं, "नवीन काही करून आणा. मी मांडून बघते."

पाटीवाल्यांनी नवीन केलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, चित्र नाही, पत्ता नाही. "खाणीत आपली माणसं बुडाली. तुम्ही जाऊ नका." समितीनं ते परत पाठवलं. फार निराशाजनक आहे, शहराची बदनामी होते, असा शेरा होता. मग त्यांनी कुंपणाची विनंती केली. पोस्टर नको, पाटी नको, सरळ तारेचं कुंपण घाला. तर कळलं, की जमीन एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं, आणि खाणीच्या मालकीवरून कोर्टात खटला. कुंपण घालायचं कोणी? "आपलं काम सांगण्याचं, पाटीवाले," त्यांना समजावण्यात आलं. "अडवण्याचं नाही."

पोस्टर आणखी छापून आलं. नव्या कागदावर पाणी आणखीच निळं उमटलं होतं.

माणसाला काहीच करता येत नाही असं झालं की तो काहीतरी बारीकसं करू लागतो. पाटीवाले पहाटे उठून बसच्या आगारात जाऊ लागले. हातात एक बादली, एक फडकं. गाड्या सुटण्याआधी त्या रांगेत उभ्या असत. पाटीवाले प्रत्येक गाडीपाशी वाकून चाकावरची ओळ पुसत. म्हणूनच ते फसवं आहे. म्हणूनच ते फसवं आहे. पहिल्या दिवशी आगाराच्या पहारेकऱ्यानं हटकलं. ओळखपत्र बघून तो चक्रावला.

"साहेब, गाडी पुसायला सरकारनं माणसं ठेवलीत."

"गाडी नाही पुसत. एवढी एक ओळच पुसतो."

"दुपारपर्यंत परत तशीच होणार ती."

"माहीत आहे."

पहारेकरी डोकं खाजवत निघून गेला. पण पुढे तोच त्यांच्यासाठी बादली भरून ठेवू लागला. आणि दुपारी थांब्यावर उभं राहून पाटीवाले बघत, तर ओळ खरंच परत झाकलेली असे. त्यांच्या गुडघ्यांनी मात्र चांगलाच सूड उगवला. बायको तेल चोळून द्यायची. एकदाच म्हणाली, "अहो, एवढ्यानं काय होणार आहे?" आणि त्यांचा चेहरा बघून स्वतःच म्हणाली, "बरं, जा. घरात बसूनही काय होणार आहे म्हणा."

नव्या पोस्टरांनी चौक भरले तेव्हा त्यांनी आगारात जाणं सोडलं. आता पुसण्यात काही अर्थ उरला नव्हता. चौकातल्या पोस्टरांवर दोन्ही ओळी स्वच्छ वाचता येत होत्या, आणि तरीही लोक जातच होते. हे पाटीवाल्यांना सगळ्यात जास्त लागलं. इतके दिवस मनाच्या एका कोपऱ्यात ते चाकाला दोष देत होते, धुळीला दोष देत होते. आता दोन्ही ओळी लख्ख होत्या आणि एका मुलीला ते आपल्या मैत्रिणीला म्हणताना ऐकत होते, "फसवं आहे म्हणे! मग तर बघायलाच हवं."

सुट्टीच्या दिवशी ते स्वतः खाणीवर जाऊ लागले.

"तिथे जाऊन काय करणार?" बायकोनं विचारलं. "पोहता तर तुम्हाला येत नाही."

"सांगीन लोकांना."

"तेच तर करत होतात ना जन्मभर?"

ती टोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. पाटीवाले चपला घालू लागले. तिनं पाण्याची बाटली भरून दिली आणि टोपी घ्या म्हणाली.

मुख्य रस्त्यावरून खाणीकडे जी पायवाट फुटते तिच्या तोंडाशी एक झाड होतं. पाटीवाले तिथे बसत. कोणी आलं की उठून जात, नमस्कार करत आणि सांगत. वर कोमट आहे, खाली बर्फासारखं आहे. काठ तुटलेला आहे, पाय टेकणार नाही. गेल्या महिन्यात माणूस गेला. काही लोक ऐकत. काही "हो हो, काका" म्हणून बाजूनं निघून जात. एका टोळक्यानं तर त्यांना ओळखलं, "अरे, हे तेच, ढालवाले!" आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. कोणी त्यांना खाणीचा रखवालदार समजून गाडी कुठे लावायची ते विचारी. जे परत फिरत ते खरंच घरी जात की आणखी कुठे, कोण जाणे. आणि आत गेलेले बहुतेक सगळे संध्याकाळी ओल्या केसांनी, हसतखेळत परत येत. त्यांच्याकडे बघून पाटीवाले मनात म्हणत, बरं झालं. आणि त्यांच्या नजरेत वाचत, काका उगाच घाबरवत होते.

अशाच एका दिवशी एक कुटुंब आलं. जुनी व्हॅन, नवरा-बायको, म्हातारी आई, आणि फुग्यासारखी फुगवलेली रिंग गळ्यात घातलेली एक छोटी मुलगी. पाटीवाल्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांना शब्द नीट सुचले. बेकरीतल्या मुलाचंही सांगितलं, जे ते सहसा सांगत नसत. नवरा गाडीतून उतरून, लक्ष देऊन ऐकत होता. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

"बरं झालं बाबा सांगितलंत," नवरा म्हणाला. "आम्हाला काय माहीत. मुलीनं हट्ट धरला म्हणून आणलं. चला, परत चला." त्यानं पाटीवाल्यांचा हात हातात घेऊन दाबला आणि गाडी वळवली.

पाटीवाले झाडाखाली येऊन बसले. बाटलीतलं पाणी प्यायले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीवरचा दगड जरा हलला. आज आपण चार माणसं परत पाठवली, हे घरी गेल्यावर बायकोला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. पायवाटेवर आणखी कोणी दिसेना म्हणून ते जरा फिरत फिरत काठाशी गेले.

आणि पलीकडच्या काठावरून हसण्याचा आवाज आला.

पलीकडे पूर्वी दगड वाहून न्यायचा रस्ता होता. तिथे ती व्हॅन उभी होती. नवरा पाण्यात उतरलेला होता, बायको काठावर बसून पाय हलवत होती, आणि रिंग घातलेली मुलगी बापाच्या हातांकडे सरकत होती. म्हातारी सगळ्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

पाटीवाले ओरडले. जिवाच्या आकांतानं ओरडले. समोरच्या दगडी भिंतीवरून त्यांचाच आवाज फिरून त्यांच्या अंगावर आला. मुलीनं वर पाहिलं आणि हात हलवला. तिच्या बापानंही ओळखलं आणि हसून हात वर केला, जणू म्हणत होता, आहोत आम्ही जपून, काळजी नको.

वळसा घालून पलीकडे जायचं तर वाट लांबची, आणि मध्ये कडा असल्यामुळे त्या वाटेनं गेलं की पाणी दिसत नाही. जाऊन तरी काय करणार होते? पाटीवाले जागेवरून हलले नाहीत. ते डोकी मोजत राहिले. बापाचं डोकं, मुलीचं डोकं. आईही उतरली, तिचं डोकं. एक डोकं पाण्याखाली गेलं की त्यांचा श्वास तिथेच थांबायचा, आणि वर आलं की सुटायचा. ऊन डोक्यावर तापत होतं, टोपी झाडाखालीच राहिली होती, पण नजर काढायची त्यांची हिंमत नव्हती. आपण बघत राहिलो तर काही होणार नाही, असं काही नसतं हे त्यांना कळत होतं. तरी ते बघत राहिले.

शेवटी सगळे वर आले. अंगं पुसली, काहीतरी खाल्लं, मुलीची रिंग रिकामी केली. निघताना नवऱ्यानं तोंडापाशी हात धरून पाण्यापलीकडे काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्यात ते विरून गेलं. आभार असतील किंवा चेष्टाही असेल. पाटीवाल्यांनी हात वर केला.

व्हॅन कड्याआड गेली तेव्हा अलीकडच्या पायवाटेवर दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. पोरं खांद्यावर टॉवेल टाकून उतरत होती. पाटीवाल्यांनी गुडघे चोळले, घसा साफ केला आणि ते त्यांच्या दिशेनं चालू लागले.